आठवी बाई

वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा जगावर विश्वास उरत नाही, आणि आमच्या निरीक्षकसाहेबांचा तर तो मुळातच नव्हता. दुकानात शिरले की ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघत नसत, तराजूच्या बुडाकडे बघत. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकरलेलं किलोचं वजन, काट्याच्या पायाखाली सारलेली पुठ्ठ्याची घडी, असलं सगळं त्यांनी पकडलं होतं. घरी दुधाची पिशवीसुद्धा आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसे आणि मग फ्रीजमध्ये जाई. बायको म्हणायची, "लग्नाआधी मलाही तोलून घेतलं असेल यांनी." ते हसत नसत. आता काय सांगावं, घेतलंही असेल.

अशा माणसाच्या घरात रेकॉर्ड प्लेअर होता तो वडिलांचा, आणि तो जपला होता एका रेकॉर्डसाठी. तिच्यात साहेबांची आई गायली होती. एकटी नव्हे, मुख्य गायिकेच्या मागे ज्या आठ बायका होत्या त्यांतली एक. वेष्टनाच्या पाठीवर बारीक अक्षरांत आठ नावं छापलेली, शेवटचं आईचं, माहेरच्या आडनावानिशी. आई आता साहेबांकडेच राहत होती. वडील होते तोवर आल्यागेल्या प्रत्येकाला ती रेकॉर्ड ऐकावीच लागे. ऐकणारे माना डोलवत आणि त्यातली आई कुठली ते कुणालाच कळत नसे, कारण सुई झिजलेली आणि आठही बायकांचा मिळून लगदा झालेला.

धाकटी बहीण वर्षभराच्या खंडानंतर माहेरी यायची होती, दोन्ही पोरांना घेऊन. फोनवर साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "ये तर खरी. या खेपेला आईचा आवाज वेगळा काढून दाखवतो." एकदा बोलले म्हणजे बोलले. बहिणीला यायला दीड महिना होता. साहेब कामाला लागले.

सुरुवात त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केली. फिरत्या थाळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, हातात स्टॉपवॉच घेतलं आणि फेरे मोजले. तीन मिनिटांत बरोबर शंभर व्हायला हवेत. झाले एकशे दोन. "बघ," ते बायकोला म्हणाले, "इतकी वर्षं आपल्याला गाणं घाईघाईने ऐकवलं जातंय." जणू कुणी मुद्दाम केलं होतं. मग पाणसळ ठेवली. प्लेअर डावीकडे कललेला. स्पीकर त्याच फळीवर, म्हणजे त्यांची थरथर सुईला जाणार. साहेबांनी एकेक गुन्हा वहीत नोंदवला.

ही वही घेऊन ते सुईवाल्या बाईंकडे गेले. बाई पन्नाशीच्या, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान वडिलांच्या मागे चालवत होत्या. डोळ्याला भिंग लावून त्यांनी जुनी सुई बघितली आणि म्हणाल्या, "ही सुई नाही राहिली हो साहेब, खिळा झालाय."

"नवी कशी असेल ते मी बघणार."

"बघा ना."

थाळी फिरवणारा पट्टा बदलला, फेरे शंभरावर आले. सुईसकट नवी कार्ट्रिज बसली. सुईने रेकॉर्डवर किती भार टाकायचा तो बाईंनी दांडीच्या मागचं वजन फिरवून लावून दिला, पावणेदोन ग्रॅम. साहेबांनी खिशातून स्वतःचा छोटा काटा काढला आणि पुन्हा मोजला. पावणेदोनच भरला. त्यांचा जरा हिरमोडच झाला.

घरी आल्यावर प्लेअरखाली जाड दगडी लादी घातली, स्पीकर खाली वेगळ्या स्टुलांवर ठेवले, रेकॉर्ड मऊ कापडाने पुसली आणि सुई टेकवली. आणि खरोखर, खोली बदलली. मुख्य गायिका समोरच्या खुर्चीत येऊन बसली म्हणा ना. तंतुवाद्यावरून बोट घसरलेलं कळलं. आणि मागच्या बायका सुट्या झाल्या.

गाण्याच्या शेवटाकडे एक जागा होती. तिथे मागच्या बायका एकीमागून एक स्वरात शिरत, पहिली सगळ्यांत वर, दुसरी तिच्याखाली, तिसरी आणखी खाली. मोजायला यापेक्षा सोयीची जागा ती कुठली? साहेबांनी मोजलं. एक जरा नाकातली, एक उशिराने शिरणारी, एकीचा श्वास ऐकू येतो. पाच, सहा, सात. सातवीनंतर श्वासभर नुसती वाद्यं, आणि मग मुख्य गायिका.

सात.

पुन्हा लावली. सात. बायकोला बसवून मोजायला लावलं. तीही म्हणाली सात, आणि भाजी चुलीवर आहे म्हणून उठून गेली.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय अर्थातच सुईवाल्या बाईंवर. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तडक दुकानात. "हलकी सुई दिलीत तुम्ही. एक आवाज गाळते ती."

बाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. "साहेब, सुई खाचेतलं काढते. कुणाचा आवाज ठेवायचा नि कुणाचा गाळायचा हे तिला कसं कळणार?" तरी त्यांनी एक उपाय सुचवला: सुईचा बारीक आवाज वाढवणारी चांगली डबी प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावून बघा, खालचे स्वर भरीव येतील. साहेबांनी तीही आणली. खालचे स्वर आले, इतके आले की खिडकीची काच थरथरली. बायका सातच.

आता तपास घराकडे वळला. माणूस कामात मुरलेला असला की त्याला थांबवता येत नाही. आणि आठवू लागले तसं साहेबांना बरंच काही आठवू लागलं. रेकॉर्ड लावली की आई उठून स्वयंपाकघरात जायची. नेहमी. नवी सुई बसली त्या दिवशी तिने विचारलं होतं, "जुनी टाकून दिलीस का रे?" का विचारलं असेल? एरवी मशीनमधलं ओ की ठो न कळणारी बाई. आणि डबी आणली तेव्हा म्हणाली, "याच्यापुढे अजून काही असतं का? की हे शेवटचं?" हे शेवटचं म्हटल्यावर नुसती मान हलवून आत गेली.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

साहेबांनी दुकानदाराला कधी दरडावलं नव्हतं. त्यांची रीत वेगळी. सहज बोलल्यासारखे ते चार प्रश्न विचारत आणि पाचव्याला समोरचा अडके. सकाळी आई शेंगा सोलत बसली होती तिथे खुर्ची ओढून ते बसले.

"आई, रेकॉर्डिंग कुठल्या मजल्यावर होतं गं?"

"दुसऱ्या. जिना अरुंद होता."

"उकडत असेल."

"भयंकर. गाताना पंखा बंद करायचे, त्याची घरघर आत जाते म्हणून. भिंतींना गोधड्या लावल्यासारखं जाड कापड होतं." आईचे हात चालू होते.

"बराच वेळ चालला असेल."

"सकाळी गेलो ते दिवेलागणीला सुटलो. त्या दिवसाचा चहा आठवतो, काळाकुट्ट."

"आणि तुझ्या शेजारी कोण उभी होती?"

आईचे हात थांबले. "कुणी नाही."

"आठ बायका एका खोलीत, आणि शेजारी कुणीच नाही?"

"नव्हतं कुणी," आई म्हणाली आणि शेंगांचं ताट उचलून उठली.

झालं. साहेबांच्या लेखी प्रकरणाचा निकाल लागला. आई गेलीच नव्हती. नाव छापलं गेलं, ऐनवेळी काहीतरी झालं असेल, आणि पुढे आयुष्यभर ती थाप तशीच चालू राहिली. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे लाज वाटली. वडील बिचारे त्या रेकॉर्डपायी किती मिरवले. स्वतः साहेबांनी शाळेत, ऑफिसात, सासुरवाडीला सांगितलं होतं, माझी आई रेकॉर्डमध्ये गायलीय. तीस वर्षं लोकांच्या खोट्या वजनांवर हातोडा मारला, आणि घरातलं वजन कधी उलटं करून बघितलं नाही.

बहीण यायच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड जागेवर नव्हती. कपाटं धुंडाळली, पलंगाखाली वाकून झालं. शेवटी ती आईच्या कपाटात सापडली, हिवाळ्यातल्या जाड पांघरुणांच्या तळाशी.

"धूळ बसते तिच्यावर," आई म्हणाली.

"बंद वेष्टनात?"

साहेबांनी रेकॉर्ड घेतली आणि ती पुराव्यासारखी दोन्ही हातांनी धरून बाहेर नेली. बायकोने विचारलं, "काय झालं हो?" "काही नाही," ते म्हणाले. उद्या बहिणीसमोर काय करायचं हे त्यांचं ठरेना. सात मोजून दाखवायच्या? की कुठल्याशा आवाजाकडे बोट करून ही बघ आई म्हणायचं, म्हणजे तीच थाप आता आपण पुढे चालवायची? आईच्या वयाचा विचार केला की गप्प बसावंसं वाटे, आणि गप्प बसायचं ठरवलं की वेष्टनावरचं ते आठवं नाव डोळ्यांपुढे येई.

रविवारी बहीण आली. जेवणं झाली, पोरं सतरंजीवर लोळली, आणि बहीण म्हणाली, "दादा, चल, काढ तुझं जादूचं मशीन. आईऽ, तू पण बस. आज पळायचं नाही."

आई दाराशीच उभी राहिली, एक हात चौकटीवर ठेवून.

साहेबांनी सुई टेकवली. बहिणीचे डोळे मोठे झाले. "अगं बाई, काय स्वच्छ!" गाणं पुढे सरकत गेलं तसे साहेब थाळीकडेच बघत राहिले. ते आईकडे बघत नव्हते. ती जागा आली. पहिली शिरली, सगळ्यांत वर. दुसरी. नाकातली तिसरी. बहीण बोटं दुमडून मोजत होती. पाच, सहा, सात.

आणि सातवीच्या मागे, जिथे नुसती वाद्यं होती त्या श्वासभर जागेत, दाराकडून आठवा स्वर आला.

तो खरखरीत होता, सत्त्याहत्तर वर्षांचा होता, टोकाशी थोडा फाटला. पण सातव्या स्वराच्या खाली तो असा बरोबर जाऊन बसला की साहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी ती जागा शंभरदा ऐकली होती आणि ती रिकामी आहे हे त्यांना एकदाही कळलं नव्हतं. मुख्य गायिका आली, गाणं संपलं, सुई मधल्या खाचेत फिरत राहिली. कुणी उठून ती उचलली नाही.

"आई," बहीण म्हणाली, "हे काय होतं?"

"हे राहिलं होतं त्यात," आई म्हणाली. आत येऊन खुर्चीत बसली. तिला धाप लागली होती. "माझा आवाज जड. माइक एकच. पहिल्यांदा गायलो तर म्हणाले, त्या शेवटच्या बाई जरा मागे व्हा. झाले. मग म्हणाले, आणखी मागे. प्रत्येक खेपेला मागे. शेवटी मी दाराला टेकले. शेजारी कोण असणार तिथे?" हे ती साहेबांकडे बघून म्हणाली. "गायले मी सगळं. रेकॉर्ड आली तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं, मी आलेच नाही त्यात."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"रेकॉर्ड काखेत मारून घरोघर हिंडत होते ते. काय सांगू? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता राहून गेलं. आणि पुढे पुढे तर मलाच वाटायला लागलं, गायले होते ना मी? का नुसतीच उभी होते दारात?" ती म्हणाली. "याने नवी सुई आणली तेव्हा मला वाटलं, निघेल. मागून, कोपऱ्यातून, पुसटसा तरी निघेल. स्वयंपाकघरात रोज कान लावून उभी राहायचे. तुमच्यासमोर तोंड कसं होईल माझं, म्हणून आत. पट्टा झाला, सुई झाली, ती डबी झाली. नाहीच निघाला. मग म्हटलं, आता लेकीसमोर नको. लपवली."

आयुष्यभर माल कमी भरला की साहेबांनी माणसाला चोर ठरवलं होतं. ते खुर्चीवरून उतरले आणि आईच्या पायाशी सतरंजीवर बसले, पोरांच्या ओळीत. "आई, मला वाटलं तू खोटं बोलतेस. गेलीच नव्हतीस असं वाटलं."

"माहितेय मला. शेंगा सोलताना तुझा चेहरा बघितला होता."

"चुकलो मी."

"ते जाऊ दे. तू एवढी मोजमापं केलीस ना? मग तूच सांग. बसतो का माझा आवाज तिथे?"

"बसतो," साहेब म्हणाले. "तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. आई, सगळं म्हणून दाखव ना. रेकॉर्ड नको. नुसती तू."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. रागावली नव्हती ती. तिला नवलच वाटत होतं.

"आता दम नाही रे पुरत," ती म्हणाली. "इतकी वर्षं ही ऐकत बसलात सगळे. मला कुणी गा म्हटलंच नाही."