रिकामा डबा

सुहासिनीकाकूंचा स्टीलचा डबा आई गेल्यापासून माझ्या फळीवर पडून होता. आईचे दिवस झाल्यावर, ही पोरगी जेवत नाही असं वाटून, त्यांनी त्यातून पोळ्या आणि मेथीची भाजी पाठवली होती. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिस्त. आणि मी स्वयंपाक जवळजवळ सोडून दिलेला. दुपारी ऑफिसचं कँटीन, रात्री दूध आणि पाउरुटी, म्हणजे इथला बंगाली पाव. आज काहीतरी करते, उद्या करते, असं करत महिने गेले. मग शरमेनं मी जिन्यात काकूंची चाहूल लागली की दार लावून घ्यायला लागले.

भवानीपूरच्या आमच्या इमारतीत मराठी दारं दोनच, त्यांचं वरचं आणि माझं खालचं. त्यांच्या यजमानांची बँकेतून भोपाळला बदली झाली आणि रविवारी ते निघणार, हे मला दरवानाकडून कळलं. यातच सगळं आलं.

त्याच आठवड्यात ऑफिसातलं मशीन रुसलं. खिदिरपूरला गोदीच्या मालाचा हिशोब करणारा आमचा कॉम्प्युटर होता आणि त्याची मेमरी वेगवेगळ्या प्रोग्रॅमांमध्ये वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम माझ्याकडे होता. मेमरी संपत आली, की स्वस्थ बसलेल्या प्रोग्रॅमचा मजकूर डिस्कवर लिहायचा आणि त्याची जागा परत घ्यायची, एवढं साधं काम. पण दुपारी गर्दी झाली की परत घेणारा हाच भाग शेजारच्या प्रोग्रॅमचा मजकूर पुसून टाकायचा आणि मशीन बंद पडायचं.

"शनिवारपर्यंत जमलं नाही, तर तो भागच काढून टाका," लाहिडीसाहेब म्हणाले.

मी फळ्यावर एकेक पायरी मांडत बसले. अर्धवट राहिलेली कामं मशीन एकावर एक रचून ठेवतं, त्या जागेला आम्ही स्टॅक म्हणतो. तो भलताच उंच होत होता. शनिवारी सकाळी कारण सापडलं. मजकूर डिस्कवर लिहायलाही थोडी मेमरी लागते. ती मागितली की नाही म्हणून उत्तर यायचं, आणि मेमरी परत घेण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग पुन्हा मागणी, पुन्हा नकार. दर खेपेला एक अर्धवट काम स्टॅकवर चढायचं आणि शेवटी तो शेजारच्याच्या अंगावर कोसळायचा. जागा परत करण्यासाठी आधी जागा हवी, म्हणून ही बया अडून बसली होती. मला तिचा राग आला. आणि मग ती फार ओळखीची वाटली.

उपाय लहानसा होता. थोडी मेमरी कायम रिकामी ठेवायची, फक्त या कामासाठी. आणि काम सुरू असताना तेच काम पुन्हा बोलवायचं नाही. दुपारची गर्दी सुरळीत पार पडली. साहेबांनी मान डोलावली आणि ते जेवायला गेले. हे कुणाला सांगावं, असं मनात आलं. आईला यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ती ऐकायची.

ट्रामनं थेट घरी आले, डबा घासला, पुसला आणि वर गेले.

काकूंच्या घरात बांधलेल्या ट्रंका होत्या. मी डबा पुढे केला. "काकू, रिकामाच आणलाय. घालायला काही नव्हतं."

"वेडे, त्यासाठी थांबलीस होय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटलं, तुला कुणी नकोय. मग मीही नाही आले."

सवयीनं त्या डबा घेऊन आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. स्टोव्हसुद्धा बांधून झाला होता. "माझ्याकडेही काही नाही ग आता," म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. ट्रंकेवर बसून मी त्यांना मशीनची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता रडले. काकूंनी सगळी ऐकून घेतली.

निघताना त्यांनी डबा माझ्याच हातात दिला. "राहू दे तुझ्याकडे. असाच, रिकामा."

मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "सरला, एवढे दिवस मी वरच होते ग."