गोचिडाचं औषध

भुरीचा कान फडफडला तेव्हा बसवराजआप्पांना वाटलं, माशी बसली असेल. मग दुसरा कान फडफडला, पाठीवरची कातडी थरथरायला लागली आणि पाण्याकडे निघालेली मांजर मागच्या पायांवर कोलमडली. आप्पांनी चालू गिरणी बंद केली. जोंधळा अर्धवट दळला गेला, पण ते बघायला ते थांबले नाहीत.

"काय झालं गं तुला? आँ?"

भुरीच्या तोंडातून लाळ गळत होती. सकाळी आपणच तिला औषध लावलं, हे त्यांना लख्ख आठवलं.

त्यांची बायको शिवम्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नांदेडला गेली होती. जाताना तिला स्वतःच्या डोळ्यापेक्षा मांजरीचीच काळजी जास्त. दूध कोमट करून द्या, भाकरी बारीक कुस्करा, अंगावरून कंगवा फिरवा. 'मांजर हाय का जावई?' असं आप्पा तोंडावर म्हणाले खरे, पण केलं सगळं. कंगवा फिरवताना पिसवा दिसल्या. शिवम्मा परत येईपर्यंत भुरीला चकाचक करून ठेवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. शेजारचा वैजीनाथ त्याच वेळी बैलांना गोचिडाचं औषध लावत होता. आप्पांनी त्यातलं टोपणभर मागून आणलं, त्यात पाणी घातलं, मांजर बैलापुढं केवढीशी म्हणून आणखी पाणी घातलं आणि भुरीच्या अंगाला चोळलं. आयुष्यभर धान्य जोखलेला माणूस. मापात आपण चुकणार नाही, याची त्यांना खात्री होती.

आप्पांची हाक ऐकून वैजीनाथ धावत आला. "औषधाचं ईख चढलं आप्पा. तूप पाजा, तूप!"

आप्पा तूप घेऊन बसलेही. पण मग वाटी खाली ठेवून त्यांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या सुकेशनी डॉक्टरला फोन लावला.

"तोंडात काहीच घालू नका!" ती कुठल्याशा गावात लसीकरणाला गेली होती, मागं म्हशी ओरडत होत्या. "मांजरीला ते औषध थेंबभरही चालत नाही, आप्पा. कोमट पाणी घ्या, भांड्याचा साबण घ्या, कातडीपर्यंत धुवा. मग पुसून उबेत ठेवा. मी निघालेच."

वैजीनाथनं मांजरीचे पाय धरले, आप्पांनी मान. भुरी अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. तिनं आप्पांचं मनगट फाडलं. आप्पा एका हातानं साबण चोळत होते, मधेच त्याच हातानं गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्यावरून चाचपत होते. भुरीचे डोळे काळेभोर झाले होते आणि ती आप्पांकडेच बघत होती. त्यांना ते बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. शिवम्मा.

"उचलू का?" वैजीनाथनं विचारलं.

"नगं! लय रडंल ती. डोळ्याच्या डॉक्टरनं तिला रडू द्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

फोन वाजून वाजून थांबला. आप्पांना आता दोघींचीही भीती वाटायला लागली, हिच्या जिवाची आणि तिच्या डोळ्याची.

सुकेशनीनं येऊन इंजेक्शन दिलं. "आता वाट बघायची," एवढंच म्हणाली. शिवम्माच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली भुरी मांडीवर घेऊन आप्पा भिंतीला टेकून बसले. दळणाचे डबे घ्यायला आलेल्या बायका त्यांचं तोंड बघून डबे न घेताच परत गेल्या. थरथर थांबली की ते घाबरून तिच्या छातीला कान लावत, आणि सुरू झाली की पुन्हा घाबरत. दिवेलागणीला भुरी लुगड्यातून बाहेर आली, लडखडत बादलीपाशी गेली आणि पाणी प्यायली. आप्पा मोठ्यानं रडले. वैजीनाथनं तोंड फिरवून घेतलं.

शिवम्मा काळा चष्मा लावून एसटीतून उतरली, तेव्हा आप्पांनी स्टँडवरच सगळं सांगून टाकलं. "म्याच केलं. मारतच हुतो तिला. तू रडू नगंस तेवढं."

तिनं त्यांचं मनगट हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "जित्ती हाय न्हवं? मंग चला घरी. त्या मनगटाला कायतरी लावा आधी."

भुरी शिवम्माच्या पायात घोटाळली, तिच्या हातून जेवली. आप्पांची चाहूल लागली की मात्र पोत्यांच्या मागं पळायची. त्यांनी हाक मारली तर आणखी आत शिरायची.

"ईल हळूहळू. मुकं जनावर हाय," शिवम्मा म्हणायची.

पाऊसकाळ येऊन गेला, तरी ती आली नाही. दूधभाकरी कुस्करायचं काम आप्पांनी सोडलं नाही. बशी जमिनीवर ठेवून, चपला हातात घेऊन ते बाहेर जातात आणि दाराकडे पाठ करून उन्हात उभे राहतात. दळण घेऊन कुणी आलं तर हात आडवा धरतात.

"थांबा जरा," ते हळू आवाजात म्हणतात, "ती खायलीय."