तळ्यापर्यंतची झोप

मिस्त्रीनं ओलं फडकं धुराच्या नळीच्या तोंडात कोंबलं आणि गाडीखालूनच ओरडला,

"काकू, रेस द्या जरा. अजून थोडी."

काकूंनी पाय दाबला. जुनी व्हॅन खोकली, थरथरली, आणि मागच्या सीटखालून फुस्स आवाज आला, कुणी दातांतून श्वास सोडावा तसा.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. त्यानं मागचं जाजम उचललं. सायलेन्सरचा पाइप फुटला होता आणि वरच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती. भोकांतून जमीन दिसत होती.

"म्हातारपणी खोकला यायचाच," काकू म्हणाल्या. "माझं तरी काय वेगळं चाललंय!"

मिस्त्री हसला नाही. "मागे कोण बसतं?"

"हे बसतात."

गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसून त्यांचे यजमान स्वेटरचं एकच बटण लावत होते, काढत होते.

"रोज?"

"रोज दुपारी. तळ्यापर्यंत जाऊन येतो. तेवढीच झोप मिळते त्यांना. घरात डोळ्याला डोळा म्हणून लागत नाही."

मिस्त्री चष्म्यावरची काजळी पुसत राहिला. "काकू, ती झोप नव्हे. धूर आत येत होता सगळा. तुमची काच उघडी असते म्हणून तुम्ही..." पुढचं त्यानं गिळलं. "आजच डॉक्टरांना दाखवा. गाडी राहू दे इथंच."

काकूंनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले.

याच गाडीत एके काळी तिन्ही मुलं मागे एकमेकांच्या अंगावर पडून झोपत. घर आलं की हे एकेकाला खांद्यावर टाकून आत नेत. धाकटी तर जागी असली तरी डोळे मिटून घ्यायची, उचलून न्यावं म्हणून. यजमानांचा आजार सुरू झाला, राहत्या घरात बसून ते "घरी चला" म्हणू लागले, तेव्हा काकूंना ही गाडी आठवली. पहिल्याच फेरीत, दुसऱ्या वळणावरच यजमानांची मान कलली. गोळ्यांना जमलं नाही ते या खटाऱ्यानं केलं. जुने पांग फेडतेय बिचारी, असं त्या धाकटीला फोनवर सांगत. गालांवर लाली चढते बघ त्यांच्या! तळ्याकाठी इंजिन त्या चालूच ठेवत. बंद केलं तर जाग येईल. मग अर्धा तास कुणी काही विचारत नसे. काकू नुसत्या पाण्याकडे बघत बसत. उठल्यावर हे डोकं धरून बसत, पण ते आजाराचंच, नाही का?

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. नवा पत्रा, नवा पाइप. इंजिन चालू आहे की नाही तेही कळेना.

"जुना पाइप भंगारात टाकू ना, काकू?"

साधाच प्रश्न. पण काकूंनी आधी वळून मागच्या सीटकडे पाहिलं.

"टाका," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. आरशात यजमानांचे डोळे टक्क उघडे होते. तळ्याकाठी काकूंनी गाडी थांबवली. सवयीनं इंजिन चालूच ठेवलं.

"ताई," मागून अदबीनं आवाज आला, "घर कधी येणार?"

"येईल आता."

"माझ्यापायी तुम्हाला उगाच त्रास. तुमच्या घरी वाट बघत असतील."

काकूंनी आरसा थोडा वर फिरवला. मग गाडी वळवली.

फाटकाशी आल्यावर त्यांनी वेग कमी केला. यजमानांनी काचेला कपाळ टेकून घराकडे नीट पाहिलं.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"नाही ना?" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा तळ्याच्या रस्त्याला लागल्या.