गोळ्या अख्ख्या गिळायच्या

ताईने जाताना माझ्या शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवली: ‘गोळ्या अख्ख्या गिळायच्या. फोडायच्या नाहीत.’ खाली दोन रेघा. मला त्या रेघांचाच राग आला. वीस वर्षं लोकांचे कपडे बेततेय मी, मला काय एवढंही कळत नाही?

ताई दोन आठवडे प्रशिक्षणाला गेली आणि तिची आठ वर्षांची लेक भिंगरी माझ्याकडे राहायला आली. भिंगरीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साठतो, आणि अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर त्या रसाच्या कॅप्सूल. जन्मली तेव्हा पहिली शीच आतड्यात अडकून बसली होती, दुसऱ्या दिवशी पोट उघडावं लागलं. पोटावर त्याची आडवी खूण आहे. आंघोळ घालताना दर वेळी मनात येतं, मेल्यांना टाके सरळ घालता आले नाहीत का.

पहिल्याच दिवशी गोळी तिच्या घशात अडकली. ठसका काय, डोळ्यांतून पाणी काय! आता आमच्या धंद्यात बसत नसेल तर उसवायचं आणि बसवायचं. मी कॅप्सूल उघडल्या, आतले दाणे कुटून बारीक केले आणि वाफाळत्या सुपात ढवळून दिले. भिंगरीने तोंड वाकडं केलं, पण प्यायली. दहा दिवस असंच चाललं. ताई फोनवर विचारायची, “गोळ्या?” मी म्हणायची, “एकही चुकली नाही.” खोटं कुठे होतं त्यात?

अकराव्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. हिरवी उलटी झाली तशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिला उचललं आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

सर्जनबाईंनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली, ताईशी फोनवर सविस्तर बोलल्या. ताई मिळेल त्या गाडीने निघाली होती.

“ॲपेंडिक्स फुगलंय,” त्या मला म्हणाल्या. “या आजारात ते एरवीही फुगलेलं दिसतं. आतड्यात शी अडकली तरी इथेच दुखतं. पण आई म्हणतात, गोळ्या चोख चालू आहेत. त्यामुळे मी ऑपरेशनकडे झुकतेय.”

“मग करा की लवकर!”

“सोपं नाही ते. आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी आत चिकटलेली असणार, सोडवताना फाटूही शकतात. हिच्या छातीला भूलही जड जाईल.”

नर्सने भिंगरीच्या कानातले डूल काढून माझ्या हातात ठेवले. केवढेसे डूल! भिंगरी कण्हत होती, पण रडत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ती चिठ्ठी आली, दोन रेघांसकट. बोलले तर ताई जन्मात तोंड बघणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि नाही बोलले तर?

“बाई, थांबा,” मी म्हटलं. “गोळ्या मी दिल्या, पण कुटून. उकळत्या सुपातून.”

सर्जनबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“त्या दाण्यांवर आवरण असतं,” त्या म्हणाल्या. “कुटल्याने ते गेलं, आणि औषध सुपाच्या उष्णतेने वाया गेलं. म्हणजे दहा दिवस हिला गोळ्या मिळाल्याच नाहीत. मग शीच अडकली असणार.” मग नर्सकडे वळल्या. “ऑपरेशन थांबवा. नाकातून नळी घालून पोट धुवायचं औषध सुरू करू. संध्याकाळपर्यंत मोकळं झालं नाही, किंवा त्याआधी दुखणं वाढलं, तर मात्र उघडावंच लागेल.”

मी डूल मुठीत धरून बसले. दर तासाला बाई येऊन पोट चाचपायच्या आणि पुढच्या पेशंटकडे जायच्या. दुपार अशी रेंगाळली की काय सांगू.

चार वाजून गेले आणि भिंगरी म्हणाली, “मावशी, लागलीय.”

भांडं भरलं. दुसऱ्याची शी बघून मी जन्मात एवढी हरखले नव्हते. मागे वळले तर दारात ताई, हातात बॅग तशीच. माझी चूक तिला सर्जनबाईंनी सांगण्याआधी मीच सांगितली, एका दमात.

ताई माझ्याकडे न बघता भिंगरीपाशी गेली. ते फार लागलं मला.

“ते सूप घाण लागायचं,” भिंगरी पलंगावरून म्हणाली.

“मग बोलली का नाहीस गं बये?”

“तू किती मन लावून कुटायचीस.”

तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुखणं पार थांबलं होतं. नळी निघाली आणि खायची परवानगी मिळाली. ताईने पर्समधून गोळ्यांची बाटली काढली. मी खुर्ची मागे सरकवून उठले, म्हटलं आता आपलं इथे काम नाही. तिने बाटली माझ्याच हातात ठेवली.

“दोन,” ती म्हणाली आणि पेला विसळायला गेली.

ती पाणी घेऊन आली तोवर मी दोन गोळ्या काढून ठेवल्या होत्या. भिंगरीने माझं बोट घट्ट धरलं, डोळे मिटले आणि पहिली गोळी गिळली. अख्खी.