ओल्या गोधड्यांचा भार

"काढा म्हणलं ना त्या," कय्युमभाई खुर्चीतूनच ओरडले. उत्तर म्हणून शेजारच्या दारातून मनकर्णाबाई तिसरी ओली गोधडी घेऊन आल्या आणि त्यांनी ती दणकन गॅलरीच्या कठड्यावर टाकली. पाण्याचा ओघळ फरशीवरून वाहत कय्युमभाईंच्या चपलांपर्यंत आला.

यात नवीन काही नव्हतं. सिडकोतल्या त्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोघांची दारं वीसेक वर्षं एकमेकांना लागून होती, आणि घटस्थापनेच्या आधी गोधड्या धुवायच्या दिवशी हे भांडण ठरलेलं असायचं. कय्युमभाई जातिवंत वेल्डर. चितेगावच्या एका कारखान्यात हयात गेली. फाटकं, जिने, जाळ्या, कठडे जोडता जोडता गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची आणि ते. मनकर्णाबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. नवरा गेलेला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला, घरात त्या आणि सून विशाखा. बाईंच्या जिभेला हाड नव्हतं आणि कय्युमभाईंना गप्प बसणं ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. चपला कुणाच्या दारात आल्या इथपासून कुणाचा चहा करपला इथपर्यंत कशावरूनही त्यांची जुंपायची. दोघांपैकी एक जण आजारी पडला की दुसऱ्याचा दिवस जाता जायचा नाही, पण हे कबूल कोण करणार?

कठड्याचं भांडण मात्र खास, वर्षातून एकदाचं. कय्युमभाई दर वर्षी सांगायचे की एवढा भार टाकू नका, कठडा पडेल. बाई दर वर्षी एक गोधडी जास्त टाकायच्या. कठडा काही पडायचा नाही. मग दसऱ्याला सोनं द्यायला येताना बाई मुद्दाम त्या कठड्याला टेकून उभ्या राहायच्या आणि "पडला का वो मिस्त्री?" म्हणून विचारायच्या.

आज कितीतरी दिवसांनी नळ आला होता. नळ आला म्हणजे सगळ्या इमारतीनं आजच धुवायचं, उद्याचा भरवसा कुणाला? खाली गल्लीत बाया नळाभोवती ड्रम, बादल्या, हंडे मांडून बसल्या होत्या. वर मनकर्णाबाई पहाटेपासून गोधड्या तुडवत होत्या, आणि चौथ्या फेरीला त्या घरातली मोठी वाकळ खांद्यावर टाकून बाहेर आल्या. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली ती वाकळ कोरडी असतानाच दोघांना उचलावी लागायची. पाणी प्यालेली वाकळ आणताना बाई वाकूनच गेल्या होत्या.

कय्युमभाई पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवून होते. ते म्हणायच्या आधी त्यांची नजर कठड्याच्या वरच्या नळीवर गेली.

नळी सरळ नव्हती. ज्या माणसानं जन्मभर एक डोळा मिटून नळीची ओळ पाहिली, त्याला ते सांगावं लागत नाही. बाईंच्या दारासमोर ती बाहेरच्या बाजूला पोट काढून वाकली होती. त्यांनी खाली पाहिलं. उभ्या खांबाच्या बुडाशी ऑइलपेंट फुगून फुटला होता, आणि गोधडीचं पाणी त्या फटीत शिरत होतं. वर्षानुवर्षं ते तिथंच शिरत असणार. वर रंग, आत गंज. रोज त्याच कठड्याला हात टेकून आपण सकाळचा चहा पितो आणि आपल्याला हे दिसलं नाही!

ते उठले. पायाशी ठेवलेला चहाचा रिकामा कप लवंडला. त्यांनी ओरडून सांगितलं की बाई, मागं व्हा, कठडा सुटायलाय.

"व्हय व्हय," बाई वाकळ कठड्यावर लोटत म्हणाल्या. "गेल्या सालीबी सुटत व्हता."

इथंच तर सगळं अडलं. माणूस रोज लटकं ओरडला की खरं ओरडण्यासाठी त्याच्याकडे वेगळा आवाज उरत नाही. कय्युमभाई जेवढ्या जोरात सांगू लागले तेवढा बाईंना चेव चढला. वाकळीचा मोठा भाग त्यांनी मुद्दाम बाहेरच्या बाजूला टाकला, आणि भार तिकडे जास्त झाल्यावर ती ओली वाकळ स्वतःच्या वजनानं बाहेर घसरायला लागली. बाईंनी झडप घालून तिची कड पकडली. पोट नळीवर, दोन्ही हात बाहेर, टाचा फरशीवरून उचललेल्या. त्याच वेळी खांबाच्या बुडाशी कट्ट असा आवाज झाला आणि मुठीएवढा गिलावा सुटून खाली गल्लीत पडला.

बाईंना तो आवाज ऐकूच गेला नाही. त्या वाकळीशी झगडत होत्या.

कय्युमभाईंना तो नीट ऐकू आला. धावत जाऊन ओढावं तर बाई नळीवर आडव्या पडलेल्या. एक हिसका बसला असता तर कठडा, वाकळ आणि बाई, तिन्ही एकदमच गेली असती. ओरडावं तर त्या अजून हट्टाला पेटल्या असत्या. ते दोन पावलं पुढे आले, भिंतीला धरून थांबले, आणि त्यांच्या तोंडून फार हळू आवाज निघाला.

"आपा. हात जोडतो तुम्हाला. हलू नका."

आपा म्हणजे थोरली बहीण. वीस वर्षांत त्यांनी बाईंना असं कधी म्हटलं नव्हतं. ओ बाई, नाहीतर ओ फुलंब्री, एवढंच. मनकर्णाबाई जागच्या जागी थिजल्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, "मिस्त्री, असं का बोलायलात तुम्ही?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं बाजूनंसुद्धा दिसत होतं. ओरडण्याला त्या वीस वर्षं भ्याल्या नव्हत्या. त्या मऊ आवाजाला भ्याल्या.

आवाज ऐकून विशाखा दारात आली होती. कय्युमभाईंनी तिला खुणेनं खाली बसवलं आणि सांगितलं की फरशीवर बसून, दोन्ही पाय उंबऱ्याला रेटून सासूची कंबर धर, पण ओढू नको. पोरगी शहाणी. एक प्रश्न न विचारता तिनं मिठी मारली. बाईंना त्यांनी सांगितलं की हातातलं सोडा. बाई म्हणाल्या, "कसं सोडू? खाली बाया हायत."

खरंच होतं. बरोबर खाली नळ, आणि नळाभोवती आठ-दहा बाया. वाकळ तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या मानेवर पडली असती तर मान राहिली नसती. कठडा गेला असता तर काय झालं असतं, ते बोलायलाच नको. कय्युमभाईंची बायको अनवरी तोवर बाहेर आली होती. तिनं वरून हात हलवून बायांना बाजूला व्हायला सांगितलं. झालं उलटंच. गिलावा कुठून पडला ते बघायला त्या नळापाशी आणखी दाट जमल्या आणि माना वर करून उभ्या राहिल्या. अनवरीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती जिन्याकडे पळाली.

आता कठडा बांधून धरायला साखळी हवी. जड लोखंड उचलायच्या चेनपुलीची जुनी साखळी कय्युमभाईंच्या खाटेखाली होती. बाईंना तसं टाकून घरात जायचं म्हणजे जिवावर आलं, पण दुसरा उपाय नव्हता. गुडघे टेकून त्यांनी ती ओढली, तेव्हा लोखंडाच्या खणखणाटानं त्यांना वाटलं की कठडाच गेला. बाहेर आले तर बाई तशाच, विशाखा तशीच, फक्त नळी आणखी बोटभर बाहेर गेलेली. बाईंच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

कय्युमभाई फरशीवर पालथे पडले. उभ्यानं जायचं धाडस त्यांना होईना. सरपटत जाऊन त्यांनी साखळी नळीखालून घातली, वरून घेतली, आकडा अडकवला. नळीला हात लागू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. दुसरं टोक बाईंच्या खिडकीच्या जाळीला. ती जाळी त्यांनी स्वतः भिंतीत बसवली होती. तिच्यावर त्यांचा भरवसा होता. साखळी ताणून पीळ भरता भरता ते मनात अल्लाचं नाव घेत होते आणि मध्येच बाईंच्या अंबाबाईचंही. कुणाचं का होईना, कुणी तरी ऐकावं.

"मिस्त्री, हात गेले माझे," बाई म्हणाल्या. "बोटं कळंनात."

खालच्या बाया अजून हलल्या नव्हत्या. उलट एक-दोघी मोबाइल वर धरून उभ्या होत्या. आणि एकाएकी नळाची धार बारीक झाली, फुरफुरली आणि बंद पडली.

पाणी गेलं, अशी एकच हाकाटी उठली. ड्रम अर्धेच राहिलेले. इमारतीच्या मागच्या बाजूला पाण्याचा व्हॉल्व होता, आणि तिथं उभं राहून अनवरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की हो, मीच बंद केलाय, या इकडे, कुणाला काय करायचंय ते करा. त्या शहरात कठडा पडतोय म्हटल्यावर माणसं बघायला थांबतील, पण पाणी बंद केलंय म्हटल्यावर एकही जण जागेवर थांबणार नाही. पदर खोचून सगळ्याच्या सगळ्या बाया मागच्या बाजूला धावल्या. मोबाइलवाल्यासुद्धा.

गल्ली रिकामी झाली.

"सोडा आपा."

बाईंनी सोडलं नाही. सोडायचं होतं, बोटंच उघडेनात. कय्युमभाईंनी पडल्या पडल्या कठड्यामधून हात लांबवला आणि त्यांचं एकेक बोट वाकळीतून सोडवलं. शेवटचं बोट सुटलं तशी वाकळ निघाली. विशाखानं सगळा जीव लावून सासूला मागं खेचलं आणि दोघी उंबऱ्यात एकमेकींवर पडल्या. वाकळ खाली एका ड्रमवर आदळली. ड्रम फुटून पाणी गल्लीभर झालं. आणि मग अगदी सावकाश, जणू आता घाई कशाला, कठडा उरलेल्या गोधड्यांसकट बाहेर कलला. साखळी ताणली गेली. खिडकीची जाळी करकरली. पण धरलं तिनं. कठडा गॅलरीबाहेर तिरपा लोंबत राहिला, आणि त्याच्या खांबांची बुडं सगळ्यांना दिसली. गंजून काडीएवढी झालेली.

कय्युमभाई कितीतरी वेळ उठलेच नाहीत. लाज नाही, काही नाही, ते फरशीवर पडून ढसाढसा रडले.

त्यानंतर गॅलरीत बांबू आडवे बांधले गेले आणि नव्या कठड्याचं ठरलं. काम कय्युमभाईंनी उभं राहून करून घेतलं. गिलाव्याचा आणि विटेचा लाल भुगा यायचा थांबून स्लॅबच्या काँक्रीटची राखाडी भुकटी येईपर्यंत ते कारागिरांना ड्रिल काढू देत नव्हते. प्रत्येक खांबाखाली जाड पट्टी, प्रत्येक पट्टीला लांब बोल्ट, आणि पाणी तुंबू नये म्हणून बुडाशी उतार. काम झाल्यावर त्यांनी स्वतः पाठ लावून रेटून पाहिलं. मग बाईंच्या दारावर टकटक केली.

मनकर्णाबाई आल्या. कय्युमभाई म्हणाले, टेका. त्या टेकल्या. डोळे घट्ट मिटून, पदराचं टोक मुठीत धरून, पण टेकल्या, कारण त्यांनी सांगितलं होतं. कय्युमभाई वाट पाहत राहिले. आता ही बाई काहीतरी टोचून बोलेल. रंग काय हा, म्हणेल. कारागिराला नावं ठेवेल.

"चांगला झालाय, भाऊ," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

कठडा सुटला त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. हाकेतला मिस्त्री गेला, भाऊ आला. कय्युमभाईंनी मुद्दाम चपला त्यांच्या दारात सोडल्या, तर बाईंनी त्या नीट जोडून ठेवल्या. तुमचा चहा करपलाय, वास येतोय, म्हणून त्यांनी डिवचलं, तर त्या म्हणाल्या, व्हय, जरा करपलाच. त्यांनी नुसतं अहो म्हटलं तरी बाई हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या, काय झालं म्हणून. जीव वाचवलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे बाईंना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि कय्युमभाईंना तर असं झालं होतं की घरात सगळं आहे, पण जेवणात मीठ नाही. अनवरीजवळ ते एकदा म्हणालेही की बाई वाचली, पण माझी बाई गेली.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आधी नळ आला. कय्युमभाई पहाटेच खुर्ची मांडून बसले. चार काय, दहा गोधड्या टाकल्या तरी तो कठडा हलणार नव्हता. त्याच हिशेबानं तर त्यांनी तो बसवून घेतला होता. शेजारच्या दारातून गोधड्या तुडवल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं मनकर्णाबाई ओल्या गोधड्यांनी भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर आल्या, कठड्याकडे न बघता त्याच्यासमोरून गेल्या आणि गच्चीच्या जिन्याकडे वळल्या. विशाखा पुण्याला गेलेली. मदतीला कुणी नव्हतं. पहिल्याच वळणावर घमेलं टेकवून त्या दम खात उभ्या राहिल्या.

कय्युमभाई उठले. सांगावंसं खूप वाटत होतं, की बाई, इथं टाका, माझ्या दारात पाणी येऊ द्या, मी ओरडतो, तुम्ही ओरडा. पण बाईंचा हात त्यांना दिसला. तो जिन्याच्या भिंतीला चिकटून होता, कठड्याच्या बाजूला नव्हे. ते भिंतीला धरत जिना चढले आणि त्यांनी घमेल्याची दुसरी कड उचलली.

"सावकाश, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतेत तुमचे."

"व्हय, आपा," कय्युमभाई म्हणाले.