साताच्या पोटातली रेघ

डॉरिस हिबर्टने टेबलावरचा कागद उचलला आणि दिग्दर्शकाच्या नाकासमोर धरला.

"हा सात चुकलाय, मिस्टर टास्कर."

सेटवरचे सगळे जागच्या जागी थांबले. नटाची टोपी मघाशी डाव्या हातात होती की उजव्या, हे टिपून ठेवणं एवढंच डॉरिसचं काम. गेल्या पाच वर्षांत तिचा आवाज कुणी धड ऐकलाही नव्हता.

"सात सातासारखा आहे," टास्कर म्हणाला. "आणखी काय पाहिजे त्याला? छत्री?"

वर दिवे सांभाळणारा आल्फ खो खो हसला.

"पोटातून आडवी रेघ पाहिजे. फ्रान्समध्ये 7 तसाच काढतात; बिनरेघेचा आपण इंग्रज काढतो. आपली हेर तिथे फ्रेंच शिंपीण म्हणून राहतेय, समोर जर्मन अधिकारी बसलाय, आणि घराचा नंबर लिहून देते तो असा? इथेच पकडली जाईल ती."

"अहो बाई, विगनसारख्या गावातला प्रेक्षक चिप्सची पुडी मांडीवर घेऊन बसतो. तो सात बघतोय होय!" टास्करने घड्याळ पाहिलं. जेवणानंतर हा कॅफेचा सेट मोडून तिथे पाणबुडी उभी करायची होती. "'बरोबर' म्हणून सही करा आणि चला. आज कँटीनमध्ये किडनी पाय आहे."

"सही करणार नाही."

तिच्या सहीशिवाय दिवसाचं चित्रण पुढे जात नसे. टास्करचे कान लाल झाले.

"मग उद्यापासून येऊ नका. सही करणाऱ्या पुष्कळ मिळतील."

"मिळतील. पण आज मी आहे."

चाळिशी उलटलेल्या, भांडून बाहेर पडलेल्या बाईला दुसरा कुठलाही स्टुडिओ दारात उभं करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बया तसूभर हलली नाही. आल्फने एकेक दिवा विझवायला घेतला.

हेराची भूमिका करणारी रोझलिंड अजून टेबलापाशीच बसली होती.

"मिस हिबर्ट, तुम्हाला हो हे कुठून माहीत?"

डॉरिसने पेन्सिलीचं टोक अंगठ्यात रुतवलं.

"युद्धात मी फ्रान्समध्ये जाणाऱ्या आपल्या हेरांची खोटी प्रवासपत्रं भरत असे. जास्त सांगायची मनाई आहे." ती थांबली. "एकावर मी असाच सात काढला. खाली 'बरोबर' म्हणून सहीही माझीच. ते घेऊन गेलेला पोरगा पहिल्याच स्टेशनवर पकडला गेला. तेवीस वर्षांचा होता. परत आला नाही."

मग आल्फने, कुणी न सांगताच, विझवलेले दिवे पुन्हा लावले.

टास्कर आपल्या बुटांकडे बघत होता.

"कॅमेरा लावा," तो म्हणाला. "रोझलिंड, तेवढी रेघ काढ."

"यांनाच काढू दे. नुसता हात तर दिसतो." रोझलिंडने अंगातला शिंपिणीचा कोट काढून डॉरिसला चढवला. "बसा इथे."

डॉरिस बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कॅमेऱ्याच्या या बाजूला आली होती. घरनंबर होता सत्तेचाळीस.

"झरझर लिहा," टास्कर म्हणाला, आता जरा हळू आवाजात. "जर्मन बघतोय तुमच्याकडे. विचार करायला वेळ नाही. हं, ॲक्शन!"

डॉरिसने झरझर लिहिलं. चार. सात. पेन उचललं.

कागदावर शाळेतल्या बाईंनी गिरवून घेतलेला तोच इंग्रजी सात होता. बिनरेघेचा.

कुणी हसलं नाही. आल्फसुद्धा नाही. टास्करने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी डॉरिसच म्हणाली, "कट."

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने कोटाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"दुसरा कागद द्या," ती म्हणाली.

टास्करने तो स्वतः आणून तिच्यापुढे ठेवला.