जग्वारवाला जावई

माझा थोरला भाऊ उत्तमसिंग दात बघून बैलाचं वय सांगतो आणि कधी चुकत नाही. पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यात त्याला दाखवल्याशिवाय कुणी जनावर घेत नाही. पण परवा त्यानं तेच माप होणाऱ्या जावयाच्या विमानाला लावलं आणि माझं डोकं फिरलं.

त्याच्या पोरीची, दिपाची, सगाई होती. दुपारी पंचांसमोर गूळ वाटला की सोयरीक पक्की. मुलगा रामप्रसाद वायुदलात जग्वार हे लढाऊ विमान उडवतो. सकाळी टीव्हीवर कुणीतरी म्हणालं, ही विमानं चाळीस वर्षांपूर्वीची. झालं! भावानं गुळाची ढेप उचलून परत आत ठेवली.

"असल्या खटाऱ्यात बसणाऱ्याला पोरगी देऊ व्हय?"

मी एकोणीस वर्षं त्याच जग्वारांवर मेकॅनिक होतो. गप्प कसा बसेन? "दादा, सांगाडा जुना हाय. आतली यंत्रं नवी, पंखाखालचं हत्यार नवं. आताची लढाई चार-आठ दिवसांची. लांबूनच नेम धरायचा, मारायचं अन् माघारी यायचं. तेवढ्याला हे विमान बराबर पुरतं. वरसभर युद्ध चाललं तर कमी पडंल, ते बी सांगतो. सुटे भाग मिळत न्हाईत."

"अन् पडलं तर?"

"मेकॅनिकनं सही केल्याबिगर ते जागचं हालत न्हाई. म्या एकदा सही नाकारली. सायेब लाल झाले, पण विमान उभंच राहिलं." हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

उत्तमसिंग काही कच्च्या गुरूचा चेला नाही. "तू नाकारली, ठीक. पण उडवणारा जवान गडी, अंगात रग. तो तुझ्यासारख्याचं कशाला ऐकतो?"

यंत्राची हमी मी देईन, परक्याच्या पोराची कशी देऊ?

दिपा दारातच उभी होती. लाजणं तिच्या गावीच नाही. "बापू, ऐकतो तो. मागच्या महिन्यात मेकॅनिक न्हाई म्हणला, तर हा शिडीवरून खाली उतरला. सोबतचे हसले. फोनवर मला सगळं सांगितलं त्यानं. तवाच मी हो म्हणले."

"मग मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी सकाळपासून विमानाचंच विचारून राहिले. त्याचं कुठं विचारलं?"

उत्तमसिंग आत जाऊन गुळाची ढेप बाहेर घेऊन आला. मग पायात चप्पल घालून स्वतःच पंचांना बोलवायला निघाला.